निनोंगला विचारायचं कुणी?

भिंत पडली तिकडे फिलिपाइन्समध्ये आणि डोकं फिरलं माझं, इकडे आयर्लंडमध्ये, ॲडम्सटाउनला. मुलगा म्हणतो, "आई, तुझा काय संबंध?" संबंध कसा नाही? जिच्या आईच्या घरात पाणी शिरलं ती बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. माझ्या ओट्यापाशी बसून कुणी रडलं की संबंध आलाच. नुसती रडली असती तर चहा देऊन गप्प केली असती. पण ती रडता रडता हसायला लागली, आणि ते हसणं मला अजून सोसत नाही.

आमच्या शेजारच्या घरात चार बायका भाड्यानं राहतात, चौघी फिलिपाइन्सच्या. दोन खोल्यांत चौघी. भाडं असलं की ऐकून कानांना हात लावावा, तो राग वेगळाच, तो कधीतरी काढीन. ह्या चौघींतली थोरली ती माझी मैत्रीण. पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, दंडात ताकद असलेली. शेजारच्या ल्यूकनच्या पुढं एक वृद्धाश्रम आहे, तिथं म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, भरवणं हे तिचं काम. एकदा युनिफॉर्मचा झगा घेऊन आली, बगलेत उसवलेला. मी तिकडे सांगलीकडं असताना वर्षानुवर्षं शिवणाचा क्लास चालवला. शाळा सातवीपर्यंतच, बाकीचं सगळं मशीननं आणि गावच्या वाचनालयानं शिकवलं. मी तिला टीप मारून दिली, वर दोन्ही बाजूंनी पट्टी लावून दिली, म्हणजे म्हाताऱ्याला उचलताना परत उसवायला नको. तिनं तिथंच झगा चढवला, हात वर-खाली करून बघितले आणि मला मिठी मारली. तेव्हापासूनची मैत्री.

माझं इंग्रजी घरगुती, तिचंही घरगुती. दोघींचं एकमेकींना बरोबर कळतं. मुलाच्या हॉस्पिटलातली मंडळी जेवायला आली की त्यांचं मात्र दोघींनाही कळत नाही. ती मला तीता म्हणते. त्यांच्यात मावशी, आत्या, शेजारची मोठी बाई, सगळ्यांना तो एकच शब्द. मी तिला बाय म्हणते.

सुट्टीच्या दिवशी ती आली की आमचं राजकारण सुरू. लोकांना वाटतं, दोन म्हाताऱ्या बायका म्हणजे लोणच्याच्या गप्पा. छे! तिच्या गावाचा मेयर, म्हणजे आपला नगराध्यक्ष म्हणा, त्याचा बाप आधी मेयर होता. आता ह्याची बायको उपमेयर, मुलगा नगरसेवक, मेव्हणा ठेकेदार. मी म्हटलं, "बाय, घरात कुणी उरलं असेल तर त्याला पोलिसपाटील करा." पोलिसपाटील म्हणजे काय ते समजावण्यात अर्धा कप चहा गेला.

तिकडेही गावभर ह्यांचे फ्लेक्स. दात दाखवत हात जोडलेले. शाळा सुरू झाली शुभेच्छा, पोर पास झालं शुभेच्छा, चर्चची जत्रा शुभेच्छा. वादळानं फ्लेक्स उडाला की लोक तो गोळा करतात आणि डुकरांच्या खोपटावर घालतात. "मेयर रात्रंदिवस आमच्या डुकरांकडं हसून बघतो," ती म्हणाली. मी इतकी हसले की मुलगा जिन्यावरून खाली आला, काय झालं बघायला.

मागं इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार दारात आला होता. अंगावर रेनकोट, हातात पत्रकं, एकटा. मागं ना गाडी, ना पोरं, ना ढोल. ती माझ्याकडंच बसलेली होती. तो म्हणाला, तुम्हा दोघींनाही मत आहे, इथं राहणाऱ्या कुणालाही कौन्सिलसाठी मत देता येतं, नागरिक नसलात तरी. आम्ही एकमेकींकडं बघितलं. मला माझ्या गावात मत द्यायचं तर विमानात बसून जावं लागतं. तिला इथून तिच्या देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडता येतो पण गावचा मेयर निवडता येत नाही. आणि हा परका माणूस पावसात उभा राहून आमच्या दोघींकडं मत मागतोय!

"काही अडचण आहे का तुमची?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "बस येत नाही." खरंच येत नाही. पाटीवर दोन मिनिटं दाखवते आणि पाटीवरूनच पळून जाते.

बाय त्याला न्याहाळत होती. म्हणाली, "तू इथं कुणाचा निनोंग आहेस?"

त्याला कळलं नाही. तो "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत बरं बरं, म्हणत पत्रक देऊन पुढच्या दाराला गेला. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मग तिनं समजावलं, आणि ते ह्या सगळ्याचं मूळ आहे म्हणून इथं सांगते.

निनोंग म्हणजे धर्मबाप. ते लोक ख्रिश्चन. बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मआईबाप उभे करतात ते आपल्याला ऐकून माहीत असतं. पण त्यांच्यात लग्नालाही उभे करतात, आणि एक-दोन नाही, जितके वजनदार तितके बरे. म्हणून गावातलं प्रत्येक जोडपं मेयरला निनोंग करतं. मेयरही नाही म्हणत नाही. शनिवारी तीन-तीन लग्नांत उभा राहतो, पाकीट देतो, फोटो काढतो, निघतो. एकदा निनोंग झाला की तो घरचा झाला. त्याच्या विरुद्ध बोलायचं नाही, मत दुसऱ्याला द्यायचं नाही, त्याची चूक चारचौघांत काढायची नाही. बापाची काढतं का कुणी? बायच्या धाकट्या भावाच्या लग्नातही तोच निनोंग. त्या नात्यावरच भावाला नगरपालिकेत ड्रायव्हरची नोकरी लागली. कायम नाही, सहा-सहा महिन्यांची. दर सहा महिन्यांनी सही मेयरची.

ऐकता ऐकता माझी पोळी तव्यावर करपली. कारण आपल्याकडं तरी काय वेगळं चाललंय? आपण त्यांना साहेब म्हणत होतो तोवर तरी बरं होतं. आता दादा, भाऊ, ताई, आबा, काका. सगळं गणगोत फ्लेक्सवर. आमच्या वॉर्डातला असाच एक भाऊ. माझ्या क्लासचा नारळ त्यानंच फोडला, माझ्या मालकांच्या दहाव्याला नदीवर उन्हात बसून राहिला. मग क्लासच्या दारातलं गटार फुटलं की त्याला कोण बोलणार? भावाला का कुणी गटारावरून बोलतं? नदीचं पाणी आलं तेव्हा ह्याच भावाचा हसरा फोटो चिकटवलेली तांदळाची पिशवी मी दोन्ही हातांनी घेतली आहे. सरकारचा तांदूळ, म्हणजे माझाच तांदूळ, आणि वर हात मीच जोडले.

तर, भिंत.

तिच्या गावाला नदी आहे. नदीला पूर. पुरासाठी भिंत बांधली, मोठी, सिमेंटची, लांबच लांब. उद्घाटनाला बँड होता, निनोंगनं फीत कापली. बायची आई त्या भिंतीपासून जवळच राहते, ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे गेलेले. भिंत झाली तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, आता निवांत झोपेन. वादळ आलं आणि पहिल्याच पाण्यात भिंत आडवी. पाणी आईच्या खाटेच्या वर. भावानं तिला पाठीवर घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर नेली. तिथं शंभर बायका, दोन संडास.

पाणी ओसरल्यावर भावानंच फोनवर भिंतीची फिल्म काढून बहिणीला पाठवली, नुसती दाखवायला. तिनं मला दाखवली. भिंत मोडून पडलेली, आणि मोडल्या जागी बघावं तर आत गजच नाहीत. एक लोखंडाची काडी नाही. नुसती वाळू आणि वरून सिमेंटचा लेप. मी शिवणारी बाई, मला बांधकामातलं काय कळतं? पण अस्तराचे पैसे घेऊन बिनअस्तराचं ब्लाउज हातात ठेवलं तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल, एवढं कळतं. आणि हे तर माणसांच्या जिवावरचं अस्तर.

बायनं ती फिल्म फेसबुकवर टाकली. वर एकच ओळ लिहिली, लोखंड कुठं गेलं? बास. कुणाचं नाव नाही, शिवी नाही. दोन दिवसांत तिच्या अख्ख्या तालुक्यानं बघितली.

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन. इथली सकाळ, तिकडची संध्याकाळ. ती माझ्या टेबलाशी बसलेली, फोन प्रेसला टेकवून ठेवलेला. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, मलाही आता तेच तोंडात बसलंय. भाऊ हळू आवाजात बोलत होता आणि मागं वळून वळून बघत होता. मला शब्द कळत नव्हते पण भीती कुठल्याही भाषेत कळते. नंतर तिनं सांगितलं, तो म्हणत होता, ते काढून टाक, ताई. निनोंगच्या बायकोनं आईला निरोप पाठवलाय. महिनाअखेरीला माझी सही आहे. दोन पोरं आहेत माझी.

तिनं काढून टाकली. तिथंच, माझ्यासमोर, अंगठ्यानं. मला इतका संताप आला की मी उठून उगाच भांडी घासायला लागले, घासलेलीच भांडी. पण तिला काय बोलणार? भावाचं पोट होतं ते.

संध्याकाळी मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, त्यांचा देश, त्यांचं बघून घेतील. तू कशाला बीपी वाढवतेस?" मी म्हटलं, "बाळा, तुझ्या हॉस्पिटलात पेशंटला धरायला, पुसायला ह्यांचाच देश लागतो. तेव्हा म्हणतोस का त्यांचं बघून घेतील?" मुलगा डॉक्टर आहे, गुणाचा आहे, पण असल्या वेळी फोनमध्ये डोकं घालतो. घातलं.

आणि इथं संपलं असतं तर मीही दोन दिवस चरफडून गप्प बसले असते. पण नाही. काढून टाकून भागलं नाही त्यांचं. पुढच्या रविवारी बाय आली आणि तेव्हाच ती रडता रडता हसायला लागली. निनोंगच्या माणसांनी भावाला सांगितलं होतं, की तुझ्या बहिणीनं आयर्लंडहून आभाराची फिल्म पाठवावी. मेयरनं पुरात आमची काळजी घेतली, तांदूळ दिला, आमचा गैरसमज झाला होता, धन्यवाद. ती फिल्म नगरपालिकेच्या पानावर लावणार. मग सही.

"आभार?" मी म्हटलं. "भिंत खाल्ली आणि वर आभार? बाय, तू हे केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही!"

तेव्हा ती माझ्यावर चिडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तीता, तुला बोलायला काय जातं? तू इथं बसलीस, तुझा मुलगा डॉक्टर. तुला वाटतं आम्हाला कळत नाही तो चोर आहे? अख्ख्या गल्लीला कळतं. पण माझा बाप मेला तेव्हा शवपेटी कुणी पाठवली? त्यानं. वादळात तांदूळ घेऊन कोण आलं? तो. आमच्याच पैशाचा, माहीत आहे मला. पण आला ना? सरकार येत नाही, तीता. निनोंग येतो. सरकारला मी कधी डोळ्यानं बघितलंच नाही!"

खरं बोलली की. माझ्या मालकांच्या दहाव्याला तरी कुठलं सरकार आलं होतं? आमच्या वॉर्डातला तो भाऊच आला होता. आणि हाच तर ह्या लोकांचा कावा आहे, बघा. हक्काचं असेल ते आधी दाबून ठेवायचं, मग त्यातलं मूठभर स्वतःच्या हातानं वाढायचं, नात्याचं म्हणून. आणि आपण जन्मभर उपकाराखाली वाकलेले. मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त राग आला, आमच्या सगळ्यांचा आला, ह्या वाकायच्या सवयीचा.

मी तिच्यापुढं पोहे ठेवले. खाईना. बराच वेळ चमच्यानं दाणे बाजूला करत बसली. मग म्हणाली, "तीता, तुमच्यात बापाला जाब विचारला तर अपमान समजतात का?"

मी म्हटलं, "आमच्यात बापाला पोरीच विचारतात. पोरगे गप्प बसतात."

"आमच्यातही," ती म्हणाली. आणि पोहे खाल्ले.

खाऊन झाल्यावर तोंड धुतलं, फोन परत प्रेसला टेकवला आणि मला म्हणाली, मागं उभी राहू नकोस, दिसशील. मी दारापाशी सरकले. ती तिच्या भाषेत बोलली, गोड आवाजात, मान किंचित झुकवून, घरातल्या थोरल्याशी बोलावं तशी. मला वाटलं, केले हिनं आभार. माझ्या डोक्यात सणक गेली. बोलणं संपल्यावर तिनं मला बोलावलं, फिल्म परत लावली, आणि थांबवून थांबवून अर्थ सांगितला.

"निनोंग, पाया पडते. माझ्या वडिलांच्या शवपेटीसाठी आम्ही तुमचे ऋणी आहोत. ह्या पुरातल्या तांदळासाठीही. माझ्या भावाच्या लग्नात तुम्ही देवासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, आजपासून ह्या घरचा मी बाप. म्हणून आज लेकीसारखं विचारते, रागावू नका. निनोंग, आपल्या भिंतीतलं लोखंड कुणी नेलं? तुम्हाला माहीत नसेल तर तुमच्या लेकरांसाठी शोधून काढा. माहीत असेल तर नाव सांगा. माझी आई शाळेच्या वरच्या मजल्यावर तुमच्या उत्तराची वाट बघते आहे. तिचे गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही. तेवढं लवकर सांगा."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण तिचा चेहरा बघून हात उठले नाहीत.

"भाऊ?" मी विचारलं.

"भावाची नोकरी सहा महिन्यांची आहे," ती म्हणाली. "वादळ दर वर्षी येतं. पुढच्या वेळी त्याला आईला उचलायला वेळ मिळाला नाही तर?"

आणि तिनं ती फिल्म लावली. स्वतःच्या पानावर, सगळ्यांना दिसेल अशी.

आता तुम्हाला वाटेल, मग गाव उठलं असेल, मेयर पडला असेल. कसलं काय! त्या माणसानं हजारभर जोडप्यांच्या डोक्यावर हात ठेवलाय, त्यातल्या तिघा-चौघांनी खाली लिहिलं, निनोंग, आम्हालाही हेच विचारायचंय. दोघांनी दुसऱ्या दिवशी पुसून टाकलं. शिव्या मात्र पोत्यानं आल्या. परदेशात बसून पैसा खाते, आम्हाला शिकवते. बापाला बोलते, संस्कार नाहीत. म्हाताऱ्यांची ढुंगणं धुणारी, हिला राजकारण काय कळतं? ही शेवटची तिनं मला मुद्दाम वाचून दाखवली. मी म्हटलं, त्याला लिही, तुझंही म्हातारपण येणार आहे, बाबा, आणि तेव्हा कुणीतरी लागेलच. तिनं लिहिलं नाही. मी असते तर लिहिलं असतं, आणि वर दोन आमच्याकडच्या शिव्याही.

महिनाअखेरीला भावाची सही झाली नाही. कुणी काही बोललं नाही, नुसती गाडीची किल्ली परत मागितली. तो आता भाड्याची तीनचाकी चालवतो. बहिणीला त्यानं ब्लॉक केलं. आई शाळेतून घरी आली, तीही काही बोलेना, फोन घ्यायची आणि नुसतं हवापाणी विचारायची. बाय जास्तीच्या पाळ्या करायला लागली, रविवारच्यासुद्धा. मी डबा करून तिच्या दारात ठेवायचे. रिकामा डबा धुऊन परत यायचा, ती यायची नाही.

मग मागच्या आठवड्यात आली. येऊन बसते न बसते तोच फोन वाजला, भावाचा. कितीतरी दिवसांनी. तिनं उचलला, आणि त्यानं आरडाओरडा सुरू केला. ते बोलणं मी तिच्या तोंडून नंतर ऐकलं, पण आवाज तर घरभर घुमत होता. पोरांची फी, तीनचाकीचं पेट्रोल, सासुरवाडीची बोलणी, सगळं काढलं त्यानं. तुझ्या तोंडानं माझं घर बुडालं म्हणाला. अजून ती फिल्म काढ, मी जाऊन पाय धरतो, कदाचित परत घेतील.

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. तो दमला तेव्हा म्हणाली, "नाही काढणार. तू ओरड, तुझा हक्क आहे. पण तोंड नगरपालिकेकडं करून ओरड. घर मी नाही बुडवलं."

तो फोन ठेवणार असं मला वाटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी काहीतरी बोललं आणि फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. आई होती. नेहमीसारखं हवापाणी विचारलं नाही.

"निनोंगनं उत्तर दिलं का?" आईनं विचारलं.

"नाही, आई."

"मग परत विचार," आई म्हणाली. "आणि जरा मोठ्यानं बोल. त्याला अलीकडं ऐकायला कमी येतं."